उभं धरलेलं घड्याळ

मी खोटी घड्याळं बनवायचो. विकायला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक लगेच तेच विचारतात. स्वतःसाठी, हौस म्हणून. आत सरकारी कारखान्यातलं चावीचं मशीन आणि वर नागपूरहून आणलेली डायल, जिच्यावर सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या कंपनीचं नाव छापलेलं. केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर, सोन्याचं पाणी, पट्टा साखळीचा. दहा पावलांवरून पाहिलं तर फॉरेनचं वाटायचं. कानाशी नेलं तर मात्र आपल्याच घरची टिकटिक ऐकू यायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि चंद्रपूरच्या ज्या कचेरीत मी कारकून होतो तिथले गठ्ठेच्या गठ्ठे तिकडे पाठवण्यात आमचे दिवस जात होते. त्या कचेरीत माणसाच्या तोंडाकडे नंतर आणि मनगटाकडे आधी बघायची पद्धत होती. आमचे मोठे बाबू फॉरेनचं घड्याळ बांधायचे आणि सही करताना बाही मुद्दाम मागे सारायचे. मला त्या बाहीचा फार राग यायचा. मग मी तसलंच घड्याळ घरी बनवलं आणि त्यांच्यासमोर बाही मागे सारली. त्यांचा चेहरा पडला तो दिवस मी बरेच महिने पुरवून पुरवून आठवला. नाद लागला तो असा.

आमच्या घरात घड्याळ ही साधी वस्तू नव्हतीच. छप्पन्न साली दीक्षा घेतलेले माझे बाबा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत हमाल होते, आणि त्यांनी सायकलच्या आधी घड्याळ घेतलं होतं. "भोंगा मालकाचा असते, घड्याळ आपलं," असं ते म्हणायचे. डेपोतला मुकादम सुटीचा भोंगा दहा मिनिटं उशिरा वाजवायचा, तेव्हा बाबा काही न बोलता हात वर करून घड्याळ बघायचे. बस, एवढंच. मुकादमानं त्यांना दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा परत घेतलं.

माझी धाकटी बहीण नर्सबाईची परीक्षा पास झाली तेव्हा बाबांनी तिला घड्याळच दिलं. पांढरी डायल, मोठे काळे आकडे, काळे काटे आणि मधोमध फिरणारा बारीक सेकंद काटा. नर्सला सेकंद काटा लागतोच, असं तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. दिसायला ते घड्याळ अगदी शाळामास्तरासारखं होतं. बहिणीची पहिलीच नेमणूक एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकेंद्रावर झाली. एक खोली, एक ओसरी, औषधांचं कपाट, बाळं जोखायचा काटा आणि मदतीला गावातलीच एक दाई. डॉक्टर नाही. कोणतं लेकरू घरी पाठवायचं आणि कोणतं बैलबंडीत घालून दूरच्या दवाखान्यात न्यायचं, हे माझ्या चोवीस वर्षांच्या बहिणीनं ठरवायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. मी तिच्या घड्याळाचं मागचं झाकण सहज उघडलं. आता मी 'सहज' म्हणतो, पण चिमटा आणि भिंग आधीच हाताशी काढून ठेवलं होतं. आतलं मशीन पाहिलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पातळ, स्वच्छ, सतरा खड्यांचं. माझ्याकडे एक काळी डायल आणि चपटी सोनेरी केस वर्षभर पडून होती, कारण तिच्यात बसेल असं पातळ मशीनच मला कुठे मिळालं नव्हतं. ते इथे, माझ्या बहिणीच्या मनगटावर, जंगलात फिरत होतं.

मी तिला बदली देऊ केली. माझ्याजवळ हिरव्या डायलचं एक तयार घड्याळ होतं. चकचकीत, चौकोनी आकड्यांचं, आणि त्याचा सेकंद काटा लाल टोकाचा होता.

"दादा, माह्यं घड्याळ तं बरोबर चालून राह्यलं. काऊन बदलवाचं?" तिनं विचारलं.

"अवं, नर्सबाईच्या हाताले शोभलं पाह्यजे ना," मी म्हणालो. "तिथी लोक मान देतीन."

"तिथचे लोक घड्याळ नाई पाहत."

"तू पाहतं ना? याचा काटा लाल आहे, दुरून दिसते. नाडी मोजाले सोपं जाते."

यातलं शेवटचं वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं. तिनं हिरवं घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "तूच बनवलं का हे?" मी हो म्हणालो. त्यावर तिनं ते बांधलं. रंग आवडला म्हणून किंवा नाव फॉरेनचं म्हणून नाही, भावानं स्वतः बनवलं म्हणून बांधलं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि मी ते वापरून घेतलं.

आता त्या लाल काट्याविषयी. तो त्या मशीनचा नव्हताच. दुसऱ्या एका मोडक्या घड्याळातून मी तो काढला होता, केवळ टोक लाल म्हणून. त्याच्या बुडाला जी बारीक नळी असते, ती मशीनच्या खुंटीपेक्षा केसभर मोठी होती. मी ती चिमट्यानं दाबली आणि खुंटीवर बसवली. बसली. तीन दिवस घड्याळ टेबलावर ठेवून मी ते रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक पडला नाही, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिचं मशीन माझ्या चपट्या केसमध्ये गेलं. काळी डायल, सोनेरी काटे, सेकंद काटा नाहीच, कारण उंची घड्याळांना तो नसतो असं मी ऐकलं होतं. आयुष्यात माझ्या हातून झालेली ती सगळ्यात सुंदर वस्तू होती. मोठ्या बाबूंनी ते घड्याळ स्वतःहून मागून घेऊन पाहिलं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी हवेत होतो.

जानेवारी संपता संपता तिचं अंतर्देशीय पत्र आलं. तीनच ओळी. 'दादा, हे घड्याळ खाली येताना धावते आणि वर जाताना थकते. माझं जुनं घड्याळ घेऊन ये. लवकर ये.' खाली ना सप्रेम, ना काही.

मला राग आला. मेहनतीनं बनवलेल्या वस्तूची किंमत नाही, जंगलात राहून रसिकता गेली, असं काहीबाही मनात आलं. आणि तिचं जुनं घड्याळ आता होतंच कुठे? त्याचं मशीन माझ्या मनगटावर काळ्या डायलखाली चाललं होतं, आणि ते काढायची कल्पनाही मला सहन होत नव्हती. पत्र खिशात घालून मी जटपुरा गेटाकडच्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याकडे गेलो. या नादातलं जे थोडंफार मला येत होतं ते त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बसून शिकलेलं. माझ्या फॉरेनच्या डायलींना तो 'तमाशातल्या राण्या' म्हणायचा.

त्यानं पत्र वाचलं आणि विचारलं, "काटा कोन्ता बसवला होता?"

मी सांगितलं. नळी दाबल्याचंही सांगितलं.

"आन पाह्यलं कसं तू? आडवं का उभं?"

"टेबलावर ठेवून."

म्हाताऱ्यानं भिंग डोळ्यावरून काढलं. "घड्याळ काय टेबलावर झोपून राहते का रे बावा? मान्साच्या हाताले राह्यते ते. ढिला काटा आडव्यात शहाना असते. उभा कर, मंग पाह्य त्याचे गुन. बारावरून सहावर घसरते. सहावरून बारावर चढताना धापा टाकते."

"मग मिनिट चुकते का?"

"मिनिट पुरं होते. म्हनून तं तुले समजलं नाई. अर्धं मिनिट चुकते." मग तो म्हणाला, "तिची जुनी डायल, काटे, केस फेकली तं नाई ना? संगं ने."

फेकली नव्हती. कॅमेऱ्याच्या रोलच्या प्लास्टिक डबीत आणि एका रुमालात बांधून ठेवली होती. शनिवारी मी अवजारांची पिशवी घेऊन निघालो. तो सगळा ऐवज बरोबर घेतला, पण माझा बेत वेगळा होता. लाल काटा काढायचा, मापाचा काटा बसवायचा, दोन गोड शब्द बोलायचे आणि काळं घड्याळ मनगटावर घेऊन परत यायचं. आष्टीच्या पुढे सागाचं जंगल लागलं, गाडी रिकामी होत गेली, आणि खिडकीच्या दांडीवर हात ठेवून मी उन्हात ते घड्याळ बघत होतो. आलापल्लीला मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीनं एटापल्ली गाठली. पुढचं अंतर एका बांबूच्या ट्रकमध्ये काढलं.

बहीण ओसरीवर बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. हिरवं घड्याळ तिच्या हातात नव्हतं. ते आत खिळ्याला टांगलेलं होतं.

"आणलं का?" तिनं विचारलं.

"काय झालं ते सांग पहिले. पाच मिनिटांत दुरुस्त करतो."

मग तिनं सांगितलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती औषधांची यादी वाचावी तशा आवाजात सांगत होती.

थंडीत तिकडे तान्ह्या लेकरांची छाती भरते. लेकरू आणलं की नर्सनं त्याचं पोट उघडं करायचं आणि श्वास मोजायचे. जोरात चालत असतील, मिनिटाला पन्नासच्या वर, तर धोका. पुरं मिनिट लेकरू शांत राहत नाही, रडायला लागतं, म्हणून ती अर्धं मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची. पोटही दिसावं आणि काटाही दिसावा म्हणून डावा हात लेकराजवळ उभा धरायची. घड्याळ उभं. काटा बारावर आला की मोजायला सुरुवात, सहावर आला की थांबायचं.

मी तिथेच समजलो. तिला पुढचं सांगू नको म्हणावंसं वाटलं.

"काटा बारावरच यायची वाट पाहतो ना आपण," ती म्हणाली. "सगळेच पाहतात. तुह्या घड्याळात तेच अर्धं मिनिट आखूड होतं, दादा. दिवाळीपासून माह्याजवळ आलेलं एकएक लेकरू बरं निघालं. मले वाटे, यंदा थंडी बरी गेली."

पंधरा दिवसांपूर्वी एक माडिया आदिवासी म्हातारी नातवाला घेऊन आली होती. बहिणीनं मोजलं. एकोणीस. म्हणजे अडतीस. साधी सर्दी आहे, घरी न्या, ऊब द्या, असं तिनं दाईकरवी सांगितलं. म्हातारी हलली नाही. तिनं नातवाचं फडकं वर केलं, त्याच्या बरगड्यांखाली पडणाऱ्या खळग्यावर बोट ठेवलं आणि बहिणीकडे बघत बसली. तिचं समाधान व्हावं म्हणून बहिणीनं पुन्हा हात उभा केला. तेव्हा काटा नेमका सहावर होता, आणि लेकरू रडायच्या बेतात होतं, म्हणून बारापर्यंत न थांबता तिनं तिथूनच मोजायला घेतलं. तेहतीस. म्हणजे सहासष्ट.

"एकच लेकरू, एकच जागा," ती म्हणाली. "काटा खाली येते तवा लेकरू बरं, वर जाते तवा बिमार. मले वाटलं माह्यं डोकं फिरलं. मंग पुरं मिनिट मोजलं. बावन्न."

त्याच दिवशी तिनं बंडी जुंपायला लावली आणि बंडीसोबत निम्मी वाट चालत गेली. ते लेकरू वाचलं. पण म्हातारी गावात जे बोलली ते दाईनं येऊन तिला सांगितलं: 'ही बाई घड्याळ पाहते, लेकरू पाहत नाही.' तेव्हापासून ओसरीवर कुणी येत नव्हतं. माझ्या घड्याळानं तिथे तिला मिळवून दिलेला मान तो हा.

आणि ती स्वतः घरोघर जात होती. दिवाळीपासून ज्यांना 'बरं आहे, घरी न्या' म्हटलं, त्या सगळ्या लेकरांची नावं तिच्या वहीत होती. आसपासच्या पाड्यांवर पायी फिरून ती एकेकाला पाहून आली होती. बहुतेक लेकरं चांगली होती, दोघांना परत एकदा मोजायचं राहिलं होतं. एका घरात मात्र लेकराची झोळी सोडून, घडी करून आढ्याला खोचलेली होती. संक्रांतीच्या आधीच गेलं, असं त्या घरच्यांनी सांगितलं. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, अडतीस.

"त्या घड्याळानंच गेलं असंन, असं नाई म्हणत मी," ती म्हणाली. "बंडीत घातलं असतं तरी गेलं असतं, कोणाले माहीत. पण मले आता कधीच समजणार नाई ना, दादा. तेच."

पश्चात्ताप झाला असं लिहायला सोपं आहे. मला झाली ती भीती. आपण खेळ म्हणून दाबलेली एक केसभर नळी कुठे जाऊन पोचली याची भीती, आणि बसमध्ये उन्हात मनगट फिरवत बसलेल्या माणसाची किळस.

इथे एक खरं सांगून टाकतो. यानंतर माझा नाद सुटला असं ऐकायला लोकांना आवडेल, पण तो सुटला नाही. वर्षभरानं मी पुन्हा नागपूरहून डायली आणायला लागलो. फरक इतकाच की तेव्हापासून माझ्या हातचं कोणतंही घड्याळ आठ दिवस भिंतीवर खिळ्याला उभं टांगल्याशिवाय मी कुणाच्या हातात दिलेलं नाही. बायको या भिंतीला 'फाशीघर' म्हणते.

तर त्या दिवशी मी लाल काट्याला हात लावला नाही. बाळं जोखायचा काटा बाजूला सारून टेबल खिडकीपाशी ओढलं, पांढरं फडकं अंथरलं आणि माझ्या मनगटावरचं काळं घड्याळ काढलं. बहीण समोर उभी राहिली. मी आत्तापर्यंत कुठलं मशीन कुठे ठेवलं होतं, हे तिला झाकण उघडून मी तिची पांढरी डायल शेजारी ठेवली तेव्हाच कळलं.

"हे माह्यं होय?" ती म्हणाली.

"हो."

"तू हे घालून आला?"

"हो."

सोनेरी काटे काढताना एक काटा वाकला, आणि काळ्या डायलवर फॉरेनच्या नावाच्या मधोमध ओरखडा पडला. वर्षभर जपलेली वस्तू अर्ध्या तासात भंगार झाली. पांढरी डायल बसवली. काळे काटे बसवले. तिचा बारीक सेकंद काटा रोलच्या डबीतून काढून खुंटीवर ठेवला, तो स्वतःहूनच बसल्यासारखा बसला. न दाबता. मशीन जुन्या केसमध्ये गेलं, झाकण लागलं, चावी दिली. शाळामास्तर पुन्हा चालू लागला.

"घे," मी म्हणालो. "आता बरोबर आहे."

तिनं घड्याळ घेतलं, पण बांधलं नाही. लहानपणापासून माझ्या हातून घेतलेली कुठलीही वस्तू, पतंग असो की पेन, तिनं कधी तपासून घेतली नव्हती. ती म्हणाली, "हात दे."

मी हात पुढे केला. तिनं माझ्या उघड्या मनगटावर, जिथे पट्ट्याचा पांढरा वळ उमटला होता तिथे, तीन बोटं ठेवली. दुसऱ्या हातानं घड्याळ डोळ्यांसमोर उभं धरलं. काटा बारावर येईपर्यंत थांबली. बारावरून सहापर्यंत मोजलं. मग न थांबता सहावरून बारापर्यंत. तिचे ओठ हलत होते आणि मी श्वास धरून उभा होतो. त्या एका मिनिटात तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"खाली चोपन्न," ती म्हणाली. "वर चोपन्न."

घड्याळ मनगटावर बांधत तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"घड्याळ बरोबर आहे, दादा. तूच घाबरून राह्यला. बस जरा."

मी बाळं जोखायच्या काट्याशेजारी बसलो. तिनं वही आणि पिशवी उचलली, चपला घातल्या आणि ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचं राहिलं होतं, त्या दोन लेकरांना मोजायला निघून गेली.